मौनपट

शहापूर, ४ जून १९३७

पेढीत मला दोनच गोष्टी विचारल्या. जंगलात राहायची तयारी आहे का, आणि घरात गाणंबजावणं चालतं का. पहिलीला हो म्हणालो, दुसरीला नाही. दुसरं खरं नव्हतं. चंद्रकला दिवसभर काहीतरी गुणगुणत असते. पण माझी शाळा बंद पडल्यापासून आम्ही तिच्या वडिलांकडे वाशिंदला राहतो आणि जेवताना मी दुसऱ्यांदा भात मागत नाही. नोकरी मिळाली.

शेठजींनी स्वतः वखार दाखवली. माळशेजच्या कड्यांवर जाळ्यांत धुकं थिजतं, त्याचं धुकेसूत. खोल पाण्यातल्या शिंपल्यांच्या मिशांचं सोनेरी कापड, हातावर घेतलं तर ऊन पडल्यासारखं वाटतं. घुबडाच्या पोटपिसांची शाल, तिच्याखाली माणसाला स्वप्न पडत नाही. शेवटी मौनपट. शेठजींनी ते टेबलावर पसरलं आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं असं मला वाटलं. घड्याळ चालूच होतं. कापड उचलल्यावर पुन्हा ऐकू आलं.

मौनपट नेसलेली बाई जिना चढून आली तरी कळत नाही. पाऊल नाही, बांगडी नाही. मोठमोठ्या घरांतून मागणी आहे.

शेठजी म्हणाले, प्रत्येक मालाची एक अट असते. धुकेसूत वेचणाऱ्यांचे डोळे जातात. शिंपल्यांसाठी बुडी मारणारे फार जगत नाहीत. आपल्या मालाला फक्त शांतता लागते आणि ती फुकट असते.

घरी येऊन चंद्रकलेला सांगितलं. ती म्हणाली, "बाई आली हे कळू नये म्हणून एवढा खटाटोप? त्यापेक्षा बाई आणूच नये घरात."

ऐनवाडी, १९ जून १९३७

शहापूरहून किन्हवलीपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. ओढा ओलांडला की वाडी. घरं थोडी आहेत, झाडं सगळी ऐनाची. अंगणातही ऐन, गोठ्यामागेही ऐन. जंगलाचा मक्ता आता पेढीकडे आहे. वाडीतल्या लोकांची स्वतःची जमीन नाही. ते राहतात ते रानाच्या आधारानं, म्हणजे यापुढे आमच्या.

वाडीचा म्हातारा देवजी. मौनपटाचा धागा जिचा ती झाडावरची अळी त्यानं मला दाखवली. हिरवी, बोटाएवढी. इथले लोक तिला मुकी म्हणतात. भादव्याच्या अंधाऱ्या पंधरवड्यात ती कोश विणते. विणताना माणसाचा आवाज कानी पडला तर मान वळवते, धागा तुटतो, आणि पुन्हा धरत नाही. अर्ध्या घरात मरते. म्हणून त्या पंधरवड्यात वाडी बोलत नाही. कोश निघाले की काही विकायचे, बाकीचे झाडावर ठेवायचे, पाखरू बाहेर पडायला. हे त्याच्या आज्याच्याही आधीपासून.

मी विचारलं, ढग गडगडतात त्याचं काय. त्याचं तिला काही नाही म्हणाला. मोर ओरडला तरी काही नाही. मग माणसाच्याच आवाजाचं का?

"ढगाला तिच्याकडनं काय पायजे नसतं, मास्तर."

मी मास्तर होतो हे त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. सगळी मला तेच म्हणतात.

ऐनवाडी, २७ सप्टेंबर १९३७

मुकेपण सुरू होऊन आठवडा झाला. मला वाटलं होतं जड जाईल. जात नाही. सकाळी उठतो तेव्हा पानांवर अळ्या चालतात ते ऐकू येतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारत नाही.

हाक मारायची तर खडा टाकतात. लहानसा, पायाशी. बायका कनवटीला खडे बाळगतात. खडा पडला की माणूस थांबतं आणि मागे बघतं. बोलायचंच असेल तर ओढा ओलांडून पलीकडच्या काठावर जायचं. भांडण, सोयरीक, बाळंतपण, सगळं पलीकडे.

आज धोंडूबाई नवऱ्याला दंडाला धरून पलीकडे घेऊन गेली. मी त्यांच्यामागे गेलो होतो, किन्हवलीला जायचं म्हणून.

"आठ दिस पोटात ठेवलाय ह्यो शब्द," ती म्हणाली. "आता उभा ऱ्हा नि ऐक."

कोंबडी कुणी विकली यावर होतं. नवरा खाली बघत म्हणाला, "ऐकतंय ना गो. डोंगरावरला वाघबी ऐकतंय."

बोलून झाल्यावर दोघांनी पाय धुतले आणि गप्प परत आली. घरी पोचेपर्यंत ती हसत होती. आवाज न करता.

देवजीची सून पारू परवा पलीकडच्या काठावर बाळंत झाली. मुलगी. पहिलं रडणं पाण्यावरून इकडे आलं, अगदी बारीक. अंगणात बसलेली माणसं कामं थांबवून ऐकत होती. मला काळजी वाटली. पण एकाही अळीनं मान हलवली नाही.

नाव हिरी ठेवलं आहे.

शहापूर, १५ ऑक्टोबर १९३७

माल उत्तम. शेठजी खूश. पण म्हणाले, वर्षातून एकच पीक म्हणजे धंदा नाही, सण आहे.

ऐनवाडी, १६ जानेवारी १९३८

अंडी डोंगराच्या थंड कपारीत ठेवून पाहिली. जमलं. आता विणकाम चालू आहे, पौषात. ही कल्पना माझी होती हे इथे तरी लिहून ठेवतो.

आज म्हसाच्या जत्रेचा पहिला दिवस. वाडी दर वर्षी जाते. घोंगड्या घ्यायच्या, बैल बघायचे, वर्षभराचं बोलून घ्यायचं. या वर्षी जाऊ दिलं नाही. जत्रेहून आलेलं माणूस आठ दिवस गप्प बसत नाही.

देवजीनं मला खडा टाकून पलीकडे बोलावलं. भादव्याचं मुकेपण आमी अळीला देतो, म्हणाला, ह्या पौषातलं कुणाला द्यायचं? मी म्हटलं, पेढीला. तांदूळ कुठून येतो ते आठव. तो काही बोलला नाही. पलीकडच्या काठावर असूनही.

शहापूर, २ मे १९३८

शहापुरात दोन खोल्या घेतल्या. चंद्रकलेनं पडवीत तुळस लावली. सासऱ्यांनी निरोपाला गहू दिले आणि मी ते घेतले नाहीत.

चैत्रातलं तिसरं पीकही निघालं. आता वर्षात बोलण्याचे दिवस थोडे उरले आहेत आणि ते सलग नाहीत.

चंद्रकलेचा आवाज मला मोठा वाटू लागला आहे. भांडं ठेवते ते आपटल्यासारखं. काल म्हटलं, जरा हळू. म्हणाली, "घरातही अळ्या पाळल्या आहेत का?"

ऐनवाडी, २१ ऑगस्ट १९३८

पलीकडच्या काठावर लोक फार वेळ घालवतात. काम मागे पडतं, आणि बोलून आलेलं माणूस ओढा ओलांडल्यावरही विसरून एखादा शब्द टाकतं. मागच्या पिकात अशा एका शब्दानं पाच झाडं गेली. कुणी टाकला ते सांगायला कुणी तयार नव्हतं.

म्हणून नियम केले. एका घरातून एका वेळी एकच माणूस पलीकडे जाईल, तेही ठरल्या पाळीनं. ओढ्यापलीकडे मुक्काम केला तर वाडीतली जागा गेली. वाडीत आवाज झाला तर तो कुणाचा ते सगळ्यांनी सांगायचं. न सांगितल्यास सगळ्यांचा तांदूळ बंद.

शेवटचा नियम मला स्वतःला आवडत नाही. पण तो लागू पडला. परवा एक मुलगा शिंकून "आई" म्हणाला तर सगळी वाडी त्याच्याकडे वळून उभी राहिली, एका क्षणात, रानडुकराची चाहूल लागल्यासारखी. त्यानंतर आवाज नाही.

तान्ह्या मुलांचा प्रश्न होता. तो बायकांनी आपसांत सोडवला. अफूचा कण चाटवतात. मी पाहिलेलं नाही.

ऐनवाडी, ९ नोव्हेंबर १९३८

शेठजी येऊन गेले. बरोबर सून होती, मौनपट नेसून. वाडीनं आपला माल कापड होऊन आलेला पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे उशिरा पाहिला. ती धोंडूबाईच्या मागे येऊन उभी होती आणि धोंडूबाई वळली ती तिच्या अंगावरच आदळली.

सून सुसंस्कृत वाटली. आल्यापासून जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. हिरी रांगत गेली आणि तिनं साडीचा पदर मुठीत धरला. सुनेनं तिला उचललं, तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि शेठजींनी बघितल्यावर खाली ठेवलं.

जाताना शेठजी ओढ्यापलीकडे थांबले. म्हणाले, मी पुष्कळ ठिकाणं पाहिली, पण अशी शिस्त कुठे नाही. तुम्ही पूर्वी शिक्षक होता ते दिसतं.

हे वाक्य मी आज पुष्कळदा आठवलं.

शहापूर, १२ मार्च १९३९

चंद्रकलेनं हट्ट धरला म्हणून तिला वाडीवर नेलं. ती वाडीत आली नाही. म्हणाली, मी गप्प बसेन अशी मला खात्री नाही. पलीकडच्या काठावरच बसली. पारूची पलीकडे यायची पाळी होती. ती हिरीला घेऊन आली होती.

हिरी दीड वर्षाची आहे. चालते, पानं गोळा करते. सुंदर मूल आहे. शांत. मी चंद्रकलेला म्हटलंही, बघ किती शहाणी आहे.

चंद्रकला तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि टाळी वाजवली. हिरी वळली. मग तिला पुन्हा पाठमोरी केली आणि नावानं हाक मारली. हिरी वळली नाही. तीनचार वेळा हाक मारली, मोठ्यानं, मग लाडानं. हिरी पानं वेचत होती. पारूनं कनवटीतला खडा काढून टाकला. हिरी थांबली आणि आईकडे बघून हसली.

"तिला ऐकू येतं," चंद्रकला मला म्हणाली. "आवाज आपल्यासाठी असतो हेच तिला माहीत नाही."

पारू म्हणाली, "घरात खडाच. माझी हिकडं यायची पाळी दुपारची, तवा ती निजलेली असतं. तिला कोनी हाक मारलीच नाय, बाई. नाव ठेवलाय, पन लावला नाय."

पारूचा आवाज कुजबुजण्यासारखा आहे. पलीकडच्या काठावरही तो मोठा होत नाही.

चंद्रकला म्हणाली, मला द्या. चार महिने. शहापुरात माझ्याजवळ राहील, बोलायला लागली की आणून सोडते. हे ती पारूला म्हणाली पण दोघी बघत माझ्याकडे होत्या.

मी म्हटलं, बघू.

परतताना गाडीत विचार केला. नियम मीच केला आहे. मुक्काम पलीकडे, तर जागा गेली. एका मुलीसाठी मोडला तर पुढच्या पिकाला सगळी मुलं शहापुरात असतील आणि त्यांच्या मागे आया. शेठजी विचारतील. शेठजींना काय सांगायचं ते मला सुचत नाही. वाशिंदच्या घरातला तो पाट मात्र मला नीट आठवतो, जेवायला बसायचो तो.

शहापूर, २४ मे १९३९

पारू आली होती. उन्हातून, पायी, मुलीला कडेवर घेऊन. तिची पाळी नसताना आली. दारातच उभी राहिली.

"मास्तर, पोरीला आताच ठेवून घ्या."

मी म्हटलं, भादव्याचं पीक निघू दे. मोठं पीक आहे. ते निघालं की मी स्वतः आणतो तिला.

"भादव्यापत्तुर तिची जीभ वाळंल."

मी म्हटलं, मुलं उशिरा बोलतात. आमच्या शाळेत एक मुलगा होता, चौथ्या वर्षी बोलला आणि मग थांबेना. हा मुलगा मी त्या क्षणी तयार केला. पारूनं मान हलवली. तिला पटलं असावं. तिला पाणी दिलं, ती गेली. पाळी मोडल्याबद्दल मी काही केलं नाही. ते मला करता आलं असतं.

चंद्रकला स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही.

शहापूर, ३० जून १९३९

चंद्रकला हल्ली कमी बोलते. गुणगुणणंही थांबलं आहे. विचारलं तर उत्तर देते, नेमकं आणि थोडक्यात. घरात बरं वाटतं. लग्नानंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शहापूर, ६ सप्टेंबर १९३९

विलायतेत लढाई सुरू झाली. पेढीचा निरोप: साड्यांची मागणी कमी होईल म्हणून घाबरू नये. रात्री चालून जाणाऱ्या शिपायांना आवाज न होणारं कापड कोणाला नको असेल? माल वाढवा.

ऐनवाडी, ३ ऑक्टोबर १९३९

काल डोंगरात हस्ताचा पाऊस झाला. सकाळी ओढा भरून चालला होता. इथे पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं. अळ्या अर्ध्या कोशात होत्या, प्रत्येक झाडावर, इतकं दाट पीक मी पाहिलं नव्हतं.

मी माझ्या झोपडीच्या पडवीत होतो. हिरी अंगणातून ओढ्याकडे निघाली. पाण्यावरून एक मोठी फांदी येत होती, तिच्यावर खंड्या बसला होता. ती त्याच्याकडे बघत चालली होती. पारू तिच्या मागे होती, फार लांब नाही, घाईतही नाही. तिनं कनवटीला हात घातला आणि खडा काढला. मुलीचा बाप जाणू काठावरच मोळी बांधत होता. तो तर पारूपेक्षाही जवळ होता. त्याची पाठ होती, पण हात लांबवला असता तरी पुरला असता.

मी ओरडलो. "हिरी!"

मी ओरडेन असं मला वाटलं नव्हतं. काठाची माती खचताना मला दिसली आणि तोंडातून आवाज निसटला.

वाडीत आवाज झाला की एकच गोष्ट होते. सगळी वळून बघतात, कुणाचा ते. पारू वळली. तिचा हात खड्यासकट वर राहिला. जाणू वळला. देवजी, धोंडूबाई, झाडाखालची मुलं, सगळी वळली आणि माझ्याकडे बघू लागली. एकटी हिरी माझ्याकडे बघत नव्हती. मी कुणाला हाक मारतो आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं.

मी हात करून दाखवलं. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग हात जिकडे होता तिकडे. तिकडे कुणी नव्हतं.

जाणूनं उडी टाकली. दुपारपर्यंत पुरुष काठाकाठानं खाली गेले.

झाडांवरच्या अळ्यांनी माना वळवल्या होत्या. धागा तुटतो त्याचा आवाज होत नाही.

मी आधी झाडांकडे पाहिलं होतं. ओढ्याकडे नंतर. हे कुणी पाहिलं नाही, सगळी तेव्हा पाण्याकडे धावत होती.

ऐनवाडी, ४ ऑक्टोबर १९३९

वळणावरच्या करंजाच्या मुळांत सापडली. संध्याकाळी पुरली.

कुणी रडलं नाही. म्हणजे आवाज केला नाही. पारू गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. वरच्या रानात माझा आवाज पोचला नव्हता, तिथल्या अळ्या शाबूत आहेत, आणि वाडीला ते ठाऊक आहे. मला ते बघवेना. मी त्यांच्यापुढे गेलो आणि त्यांना सांगितलं, रडा.

खुणेनं सांगितलं.

ऐनवाडी, ६ ऑक्टोबर १९३९

आज सकाळी पारू वरच्या रानात गेली. पहिल्या झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "हिरी."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घोगरा होता, वयात येणाऱ्या मुलाचा असतो तसा. ती पुढच्या झाडाखाली गेली. "हिरी, ये गो." पुढच्या झाडाखाली. "हिरी, पानी नको खेळू."

मग बाकीची आली. कुणी कुणाला खूण केली नाही. धोंडूबाई कमरेवर हात ठेवून एका ऐनाखाली उभी राहिली. "हिरे, किती येळ गो, भात निवला." देवजी म्हणत होता, "हिरू, हात धर माझा, काटा हाय." पोरं ओरडत होती, "हिरी, आमच्यात ये, तुझ्यावर राज्य." कुणी रागावत होतं, कुणी लाडात. दोन वर्षांत त्या मुलीला जे जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं, झाडाझाडाखाली. कुणीच शोक करत नव्हतं. जिवंत मुलीला बोलवावं तशी बोलवत होती. ते मला जास्त वाईट वाटलं.

जाणू एका बुंध्याला धरून उभा होता. त्याचं तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता. पारू त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर चापट मारली, ठसका लागल्यावर मारतात तशी. मग आला.

मी पडवीत उभा होतो. मला अधिकार होता. मी काय म्हणणार होतो? गप्प बसा?

संध्याकाळपर्यंत वरच्या रानात एक अळी विणत नव्हती. अर्धे कोश लोंबत होते. वाडी बोलत होती. चूल पेटेना म्हणून बोलत होती, कोंबडी कुठे गेली म्हणून बोलत होती. पारू माझ्या झोपडीवरून पाणी घेऊन गेली आणि थांबली.

"मास्तर, तुमी तिला हाक मारली," ती म्हणाली. "तुमी एकट्यानंच."

ती असं का म्हणाली ते मला कळलं नाही. आभार मानल्यासारखं तर नव्हतं.

शहापूर, २० ऑक्टोबर १९३९

पेढीत जाऊन आलो. पीक कसं गेलं ते सांगितलं. वरच्या रानाचं जसं झालं तसं सांगितलं. खालच्या, वाडीतल्या रानाचंही त्यातच सांगितलं.

शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, चूक लोकांची नाही आणि तुमचीही नाही. मुळात वाडीत पोरं ठेवलीच कशाला?

ऐनवाडी उठवायची ठरली. जंगल मक्त्याचं आहे, त्यामुळे अडचण आली नाही. देवजीची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली असं ऐकतो. किन्हवलीच्या बाजारात पारूला कुणी पाहिलं. सारखी बोलते म्हणे, कुणाशीही.

घरी आलो तर चंद्रकला नव्हती. शेजारीण म्हणाली, वाशिंदला गेल्या, बापाकडे. काही निरोप ठेवला आहे का विचारलं. नाही म्हणाली.

दोनचार दिवसांत येईल.

शहापूर, २ डिसेंबर १९३९

वाशिंदला जाऊन आलो. सासरे अंगणात भेटले, बसा म्हणाले. आतून चंद्रकलेचा आवाज येत होता, भांडी घासताना काहीतरी म्हणत होती. मी आल्याचं तिला सांगायला सासरे आत गेले. मग आवाज बंद झाला. थोडा वेळ बसलो आणि निघालो.

मुरबाड, ११ जानेवारी १९४०

नवं केंद्र. काळू नदीच्या काठी पाडा आहे, मागे ऐनाचं दाट रान. पेढीनं मक्ता घेतला आणि मला इथे प्रमुख केलं. अनुभव कामाला येतो असं शेठजी म्हणाले. हाताखाली दोन माणसं आहेत.

या वेळी सगळं नीट आखलं आहे. लहान मुलं पाड्यात राहणार नाहीत. दोन टेकड्यांपलीकडे मोठं घर बांधलं आहे. वर कौलं, पाण्याची सोय, सांभाळायला बाया. तिथे मुलांनी हवं तितकं ओरडावं, रडावं, बोलावं. अफू नको, खडे नकोत. हा नियम मी स्वतः सुचवला आणि तो मान्य झाला. ऐनवाडीत हे सुचलं असतं तर.

आज पाड्याला गोळा करून समजावलं. लोक ऐकून घेतात. यमू नावाच्या बाईनं विचारलं, पोरांना भेटायचं कधी? मी म्हटलं, दोन पिकांच्या मधे. वर्षात किती पिकं, तिनं विचारलं. मी सांगितलं.

तिच्या कडेवर मुलगा होता, वर्षाचा असेल, माझ्या टोपीकडे बघत होता. तिनं त्याला हाक मारली. कान्हा. तो वळला. तिला त्याला काही सांगायचं नव्हतं. तो पुन्हा माझ्या टोपीकडे बघू लागला तेव्हा तिनं पुन्हा हाक मारली आणि तो पुन्हा वळला.

मी पाड्याला सांगितलं, उद्यापासून.